खडकदऱ्याची उभी ग्रामसभा

३० सप्टेंबर २०२४, सोमवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे

या क्षणी मी पारनेरच्या एस.टी. स्थानकावर गाडीतून उतरले. वेळ इतकी नेमकी टिपून ठेवण्याचे कारण एवढेच, की त्यानंतर जवळजवळ दोन दिवस मला कुठेही बसता आले नाही. पुण्याहून येताना खिडकीजवळची जागा मिळाली होती. तिची गादी फाटलेली आहे आणि पुढच्या बाकाचा दांडा गुडघ्याला लागतो, अशी तक्रार मी शिरूर येईपर्यंत मनातल्या मनात करत होते. ती तक्रार मी विनाअट मागे घेते.

मी भूजलशास्त्राची विद्यार्थिनी आहे. जुन्या बारवांमधली पाण्याची पातळी पावसाळ्यागणिक कशी बदलते, हा माझ्या संशोधनाचा विषय. ते वेळेत संपवून परदेशातली शिष्यवृत्ती मिळवायची, असा माझा स्पष्ट, जाहीर आणि घरच्यांना किंचित भीतिदायक वाटणारा बेत आहे. ऑगस्टच्या अखेरीस आमच्या संस्थेकडे एका ग्रामपंचायतीची मागणी आली. खडकदरे, तालुका पारनेर. गावच्या बारवेच्या भिंतीत एक रेषा कोरलेली आहे. पाणी तिला लागले की नाही हे ठरवण्यासाठी कोणी त्रयस्थ मोजणारे माणूस पाठवावे. गावाचे नाव ऐकताच मी हात वर केला, कारण ते नाव मी लहानपणापासून वाचत आले होते. आईकडे असलेल्या एका छायाचित्राच्या पाठीवर ते शाईने लिहिलेले आहे.

त्या छायाचित्रात फेटे बांधलेली बरीच माणसे सतरंजीवर बसली आहेत आणि त्यांच्या मधोमध एक उंच गृहस्थ उभे आहेत. ते माझ्या आईचे पणजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा, रावबहादूर गणपतराव. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात ते या भागातून निवडून जात. सगळे बसलेले असताना ते एकटेच उभे का, याचे आमच्या घरातले स्पष्टीकरण 'त्यांना उंचीचा फार अभिमान होता' असे. शास्त्रीय दृष्टीने ते अपुरे होते. परंतु दुसरे गृहीतक कोणी मांडलेले नव्हते.

पारनेरहून खडकदऱ्याला जाणारी जीप आधीच भरलेली होती. मी मागच्या फळीवर उभी राहिले आणि गज धरला. पुढच्या दिवसांची रंगीत तालीम चालू आहे, याची मला कल्पना नव्हती.

खडकदरे, त्याच संध्याकाळी

पावसाळ्याच्या अखेरीस हा प्रदेश पंधरवडाभर हिरवा दिसतो, आणि जो त्याच पंधरवड्यात येतो त्याची फसवणूक होते. माळावर गुडघाभर कुसळी वाऱ्याबरोबर वाकत होती. बाजरी काढून झाली होती आणि वाफ्यांमध्ये कांद्याची रोपे केसांसारखी उभी होती. गावाच्या पारावर सरपंच शकुंतलाबाई माझी वाट पाहत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलताना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवणाऱ्या. त्यांनी पदराने पुसून प्लास्टिकची खुर्ची पुढे केली.

"बसा ताई. लई लांबनं आलात."

खुर्चीवर टेकण्यापूर्वी मला संशोधनातला प्रामाणिकपणा आठवला. माझ्या आजवरच्या कारकिर्दीतला हा सर्वांत महागात पडलेला प्रामाणिकपणा होय.

"बसण्याआधी एक सांगायला हवं," मी म्हणाले. "मी अगदी त्रयस्थ नाही. रावबहादूर गणपतराव माझे खापरपणजोबा. माझ्या मोजणीवर कोणाची हरकत असेल तर संस्था दुसरं माणूस पाठवेल."

मग शकुंतलाबाईंनी माझ्यामागची खुर्ची काढून घेतली.

"कौन्सिलबाबाच्या घरचं मानूस हाय व्हय तुमी? मग बसू नका ताई. अजाबात बसू नका."

पाराच्या पलीकडून एक धिप्पाड गृहस्थ पुढे आले. हे बबनराव, शकुंतलाबाईंचे धाकटे दीर, दोनदा उपसरपंच झालेले. "हरकत कशापायी घ्यायची? घरचंच मानूस मोजतंय," ते म्हणाले. "पन वहिनी म्हनत्यात ते खरं हाय. बसायचं न्हाई."

या दोघांचे एका वाक्यावर एकमत झालेले आपण प्रथमच पाहिले, असे ग्रामसेवकांनी मला नंतर खाजगीत सांगितले.

का बसायचे नाही, हे उभ्याउभ्या चहा पिताना कळले. गावाने सांगितलेले, आईने सांगितलेले आणि मी मुंबईत कौन्सिलच्या जुन्या कामकाजात वाचलेले एकत्र केले, तर गणपतरावांची कारकीर्द साधारण अशी दिसते.

ते नगरला वकिली करत. पहिल्या महायुद्धानंतर कौन्सिले वाढली आणि ठरावीक शेतसारा भरणाऱ्यांना मत मिळाले. खडकदऱ्यात असे मतदार मोजकेच होते. परंतु ते जिकडे जातील तिकडे शेजारची गावे जातात, अशी ख्याती होती. गणपतराव घोड्यावरून आले, बारवेत उतरले, तळाशी ओंजळभर पाणी पाहिले आणि पाथरवटाकडून भिंतीत एक रेषा कोरून घेतली. सरकारकडून तलाव बांधून घेईन, बारवेला पाझर फुटेल, पाणी या रेषेला लागेल, आणि ते लागेपर्यंत या गावात बसणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. आमच्या घरातले छायाचित्र त्या दिवशीचे.

ते निवडून आले आणि त्यांनी कौन्सिलात प्रश्न विचारला. खडकदऱ्याच्या पाण्याविषयी आपल्याकडे माहिती नाही, असे सरकार म्हणाले. पुढच्या अधिवेशनात त्यांनी पुन्हा विचारले. माहिती गोळा होत होती. त्यानंतर विचारले तेव्हा गोळा झालेली माहिती इतकी मोठी झाली होती, की ती सभागृहापुढे ठेवणे गैरसोयीचे होते. अखेरीस सरकारने तलावाऐवजी त्यांना रावबहादूर केले. खर्चाचा विचार करता सरकारच्या निर्णयात दोष काढता येत नाही.

गणपतराव मात्र वर्षातून एकदा खडकदऱ्याला येत राहिले आणि उभे राहत राहिले. उभ्याने जेवत, उभ्याने तक्रारी ऐकत, उभ्याने भावाभावांच्या वाटण्या करून देत. निवडून दिलेला माणूस उभा आणि आपण सतरंजीवर, याची गावाला दुसऱ्याच वर्षी लाज वाटली, आणि गावही उभे राहू लागले. १९३७ च्या निवडणुकीत मतदार वाढले, वारे फिरले आणि गणपतराव पडले. पडल्यावरही ते दरवर्षी येऊन उभे राहिले. पुढे पुण्यात त्यांचे निधन झाले. आमच्या घरच्या माहितीनुसार, आरामखुर्चीत. शब्द मागे घेण्याचा अधिकार असलेला एकमेव माणूस गेला आणि शब्द राहिला.

म्हणून आजही खडकदऱ्यात गावकीची सभा उभ्याने भरते. जो बसला तो सभेतून गेला असे धरतात. त्याचा हात मोजत नाहीत. घरी मात्र गाव बसते; पूर्णवेळ उभे राहायचे ते फक्त कौन्सिलबाबांच्या घरच्या माणसाने.

"मग सभा लवकर संपत असेल," मी म्हणाले.

"चहा उकळंस्तोवर," बबनराव समाधानाने म्हणाले. "शेजारच्या गावात रात पडती, पन ठराव होत न्हाई. आमचं काम चोख हाय."

"व्हय, चोख," शकुंतलाबाई म्हणाल्या. "अडचनीचा विषय भाऊजी शेवटाला ठेवत्यात. तवर म्हातारी मानसं आन बाया टेकत्यात. मग हात वर कराय तालमीतली पोरं तेवढी उरत्यात."

"मी कुनाला बसा म्हनलो न्हाई, वहिनी."

"तुमी विषय वाढवता की."

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे असाच एक शेवटचा विषय होता. नव्या नळयोजनेची एकच शाखा निघणार होती. ती बबनरावांच्या मळ्याच्या बाजूला न्यावी, की वरच्या वस्तीवर न्यावी, जिथल्या बाया अजून बारवेतून डोक्यावर हंडे वाहतात? शकुंतलाबाई वरच्या वस्तीवर राहतात. त्यांच्या गुडघ्यांचा उल्लेख मी वर केला आहे. त्यांच्याबरोबर त्यांच्या सासूबाई, म्हणजे बबनरावांची आई गयाबाई, राहतात. यंदा पाऊस बरा झाला होता, गावाने ओढ्यावर बांध घातले होते, आणि पाणी रेषेच्या जवळ आले होते. पाणी लागले तर सभा बसणार होती. सभा बसली तर वरची वस्ती शेवटपर्यंत टिकणार होती.

बारव चौकोनी, काळ्या दगडाची, पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झालेल्या. रेषा बोटभर जाड होती. म्हणून लागणे म्हणजे तिच्या खालच्या कडेला लागणे, हे मी टेप काढण्यापूर्वीच जाहीर केले. बबनरावांनी वरच्या कडेचा आग्रह धरला. पाण्याला भेटणारी पहिली कड खालचीच असते, असे मी सांगितल्यावर त्यांनी ते तत्त्वतः मान्य केले. समतल दाखवणारी पाणसळ लावून, तीनदा मोजून आलेला आकडा: रेषेच्या खाली चार सेंटिमीटर.

शकुंतलाबाईंनी आकडा ऐकला आणि पायरीला हात टेकून वर चढू लागल्या. बबनराव मात्र मला म्हणाले, "ताई, तुमच्या मशीनवर आपला पूर्ण इश्वास हाय."

१ ऑक्टोबर, वरची वस्ती

माझी सोय शकुंतलाबाईंच्या घरी होती. इथल्या घरांत भिंतीला छातीच्या उंचीवर एक रुंद कोनाडा असतो. गणपतराव ज्या घरी जेवत त्या घरी तो असे, आणि मानाचा प्रश्न असल्याने पुढे तो सगळ्यांनीच बांधून घेतला. त्या कोनाड्यावर ताट ठेवून मी हुलग्याचे शेंगोळे जेवले. आमच्याकडे पुण्यात आमटीत गूळ घालतात आणि तिखटाची क्षमा मागतात. इथे गूळ नव्हता आणि क्षमाही नव्हती. डोळ्यांतून पाणी येत असताना उभे राहून जेवण्याचा एक फायदा लक्षात आला, तो म्हणजे माठापर्यंत लवकर पोचता येते.

रात्री झोपेविषयी मी नियम विचारून घेतला होता.

"झोपाय हरकत न्हाई," गयाबाई म्हणाल्या. ऐंशी ओलांडलेल्या, दातांचा तुटवडा, आवाज मात्र शाबूत. "आडवं व्हनं म्हंजे बसनं न्हवं. कौन्सिलबाबा बी झोपायचा."

उभ्या स्थितीतून आडव्या स्थितीत जाताना मधली बसण्याची अवस्था टाळणे शरीररचनेच्या दृष्टीने अवघड आहे. ते भिंतीला धरून, कुशीवर, टप्प्याटप्प्याने करावे लागते. गयाबाई खाटेवरून पाहत होत्या आणि सूचना देत होत्या. "कमरंत वाकू नगं. झाडावानी पड." अन्य नैसर्गिक प्रसंगांबाबत परंपरा मौन बाळगून आहे, आणि मीही बाळगते.

सकाळी मी पोटऱ्या चोळत बारवेची मापे घेतली. दुपारी परतले तेव्हा ओसरीवर वस्तीतल्या सात-आठ बाया ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते.

"उद्या माझा हात वर न्हाई व्हनार, शकू," गयाबाई सुनेला म्हणाल्या. "पाय लटलटत्यात. आजवर एका सभंत माझा हात कुनी मोजला न्हाई. पदराखाली झाकून नेईन मी ह्यो हात."

"चार शेंटिमीटर, आत्याबाई," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बोटाची दोन पेरं. बारा महिने हंडे वाहिले ते काय, आन ही दोन पेरं काय."

इथे माझ्याकडून चूक घडली. आकडे समोर आले की मला गणित केल्यावाचून राहवत नाही. "खरं तर चार सेंटिमीटर म्हणजे फार पाणी नाही," मी म्हणाले. "बारव पाण्याच्या पातळीला सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद. म्हणजे दीड हजार लिटरच्या आतच. पंचवीसेक माणसं पाण्यात उतरली तरी तेवढं वर येईल."

ज्वारी निवडणारे सगळे हात थांबले.

"उतरली म्हंजे?" एकीने विचारले.

"म्हणजे तरंगली, किंवा गळ्यापर्यंत बुडून उभी राहिली. माणूस आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारतो. ते जाणार कुठे? वर चढतं. पण हे आपलं बोलण्यापुरतं."

"बोलन्यापुरतंच," शकुंतलाबाई गंभीरपणे म्हणाल्या, आणि त्यांनी जातीने माझ्यासाठी दुसऱ्यांदा चहा ठेवला. त्या कोणाशीही काही बोलल्या नाहीत, हे मी प्रत्यक्ष पाहिले. तरीही संध्याकाळी बारवेकडे जाताना मला तीन वेगवेगळ्या दारांतून तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी आपापले वजन सांगितले.

शास्त्र बोलण्यापुरते कधीच नसते, हा धडा मी प्रयोगशाळेत शिकायला हवा होता.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

सकाळी बारवेवर पोचले तेव्हा काठावर रबरी पाइप पडलेला होता. बबनराव रोपांना पाणी देण्यासाठी पहाटे मोटर घेऊन आले होते.

"कांद्याची रोपं जीव सोडाय लागली, ताई. शेतकऱ्याला अमावास्या काय आन सभा काय."

"या बारवेतून मोटर लावतात?"

"कधी न्हाई. पन आज काळीज ऱ्हाईना."

सुदैवाने चारपाच मिनिटांतच वीज गेली होती. मी टेप सोडला. रेषेच्या खाली सहा सेंटिमीटर. म्हणजे पंचवीस माणसांचे काम आता चाळिशीच्या घरात गेले होते. बबनराव टेपकडे न पाहता आकाशाकडे पाहत होते.

घरोघरी पितरांचे जेवण शिजत होते. उडदाचे वडे, खीर, गवारीची भाजी, कढी. आमच्याकडे पितरांचे पान पाटापुढे मांडतात. खडकदऱ्यात स्वतःच्या पितरांचे पान पाटापुढे आणि कौन्सिलबाबांचे पान कोनाड्यावर. शकुंतलाबाईंच्या घरी कोनाड्यावर ते पान पाहिले, आणि आमच्या घरातल्या एकाही वर्षश्राद्धाला मला न आलेली भावना तिथे आली. खीर गरम होती. जो माणूस या गावासाठी काहीही करू शकला नाही, त्याचे पान हे लोक अजून उभ्याने वाढत होते.

ग्रामसभा अकराला होती. साडेदहाच्या सुमारास वरच्या वस्तीवरून माणसे उतरू लागली. पुढे तर्पणाचे तांबे घेतलेले पुरुष, मागे पदर खोचलेल्या बाया.

"हे काय चाललंय, वहिनी?" बबनरावांनी बारवेच्या तोंडाशीच विचारले.

"तर्पन," शकुंतलाबाई म्हणाल्या. "कौन्सिलबाबाचं. यंदा मोठं करायचं ठरलंय."

"एवढी मानसं? पान्यात?"

"पितराला पानी पान्यातच देत्यात की, भाऊजी."

आणि माणसे उतरली. पोहणारे मध्यभागी गेले, न पोहणारे बुडालेल्या पायऱ्यांवर गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. माझे पाय पाण्यात गेले तर त्यांचेही आकारमान हिशेबात धरावे लागेल, म्हणून मी रेषेशेजारच्या कोरड्या कट्ट्यावरून वाकून वाचत होते. ग्रामसेवक शासकीय तटस्थता म्हणून सर्वांत वरच्या पायरीवर होते. पायजमा मात्र त्यांनी सावधपणे दुमडलेला होता. वीस माणसे झाली, तीस झाली. पाणी इतके मंद चढत होते, की फक्त मलाच दिसत होते.

"स्थिर राहा," मी म्हणाले. "लाटा असताना आकडा घेता येत नाही."

तीसहून अधिक माणसे पाण्यावर नुसती डोकी ठेवून गप्प झाली. मग कोणीतरी हसले, बारवभर लाटा पसरल्या, आणि पुन्हा सगळे थांबण्याची वाट पाहावी लागली.

"दगडू, तू हसतोस का तरंगतोस?" पाण्यातून एक बाई म्हणाली.

"वैनी, तुमचा पाय माझ्या पोटात हाय."

शकुंतलाबाई सर्वांत शेवटी उतरल्या. गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "ताई," त्या आश्चर्याने म्हणाल्या, "गुडघं दुखना झालं." पाणी शरीराचा भार उचलते, हे मी त्यांना समजावून सांगणार होते, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते, म्हणून राहू दिले.

मी वाचले. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढे अंतर उरले होते. वरच्या वस्तीत उतरू शकणारे कोणी शिल्लक नव्हते.

"लागलं का?" पाण्यातून विचारणा झाली.

"नाही," मी म्हणाले. इथे स्पष्ट नोंदवते, की 'लागले' म्हणण्याचा मोह मला झाला. पोटऱ्यांचा दाखला देऊन तो मी समर्थनीयही ठरवू शकले असते. "अजून थोडंसं कमी आहे. एका माणसाएवढं."

"झालं तर मग," वरून बबनराव म्हणाले. "या वर. अकरा वाजत आले. सभा वेळेवर घेऊ."

तेव्हा गयाबाई काठी टेकत पहिल्या पायरीवर आल्या.

"आये, तू कुठं निघालीस?"

"एका मानसाएवढं कमी हाय म्हनं. मी मानूस न्हाई व्हय?"

"आये, शेवाळ हाय. थांब तिथं."

गयाबाई थांबल्या नाहीत. काठी त्यांनी ग्रामसेवकांच्या हातात दिली आणि भिंतीला धरून दुसरी पायरी उतरल्या, तिसरी उतरल्या. पाणी घोट्याला लागले. पुढच्या पायरीवर त्यांचा पाय डगमगला, आणि बबनराव पांढऱ्या सदऱ्यासह, घड्याळासह, इस्त्रीसह पाण्यात आले. ते आईच्या पुढच्या बाजूला, खालच्या पायऱ्यांवर छातीभर पाण्यात गेले, दोन्ही हातांनी तिला मागे रेटले आणि तिला कोरड्या पायरीवर उभे केले. तोल सांभाळताना ते स्वतः आणखी दोन पायऱ्या मागे गेले आणि हनुवटीपर्यंत बुडाले.

बबनरावांचे वजन शंभर किलोच्या आसपास असावे. लाटा ओसरेपर्यंत कोणी श्वास घेतला नाही.

पाण्याची कड रेषेच्या खालच्या कडेला मिळाली होती. मी तीनदा पाहिले, कारण मी सगळे तीनदा पाहते.

"शून्य," मी म्हणाले. "लागलं."

पहिला बोलला तो बबनरावांचा हनुवटीवरचा भाग. "वहिनी, हे तुमी ठरवून केलं."

"तुमी उतरलात भाऊजी. मी ढकललं न्हाई."

"हे पानी न्हाई चढलं. ही मानसं चढवली."

"रेषंला टेकलंय ते पानी हाय का मानूस, हात लावून बघा."

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा जे सांगितले तेच पुढे ग्रामसेवकांनी इतिवृत्तात उतरवून घेतले. निसर्गतः पाणी रेषेच्या खाली आहे. गावातली माणसे आत असताना ते रेषेला लागते. यांतले कोणते खरे धरायचे, हा प्रश्न भूजलशास्त्राचा नाही. गणपतरावांनी दिलेल्या शब्दात पाणी लागण्याची अट आहे. कशाने लागावे, हे त्यांनी सांगितलेले नाही. ते वकील होते. सांगायचे असते तर सांगितले असते.

बबनराव काही म्हणणार होते. पण कोरड्या पायरीवरून गयाबाई म्हणाल्या, "बबन, मला धराय आलास ते बरं केलंस. आता वाद घालू नगं. नाकात पानी जाईल."

बबनरावांनी हनुवटी आणखी वर धरली. एका राजकारणी माणसाच्या आयुष्यात, आपणच आपल्याविरुद्धचे निर्णायक मत आहोत हे कळण्याचा क्षण फार क्वचित येत असावा. मला त्यांच्याविषयी सहानुभूती वाटली. माझ्या खापरपणजोबांनी १९३७ साली कसे तोंड केले असेल, ते मी त्यांच्याकडे पाहून ताडले.

पारावर सगळे ओलेच जमले आणि ओलेच उभे राहिले. पहिल्यांदा कोणी बसायचे, हे ठरलेलेच होते. शकुंतलाबाईंनी तीच प्लास्टिकची खुर्ची पदराने पुसायला घेतली. पदर ओला असल्याने ती आणखी ओली झाली.

"बसा, ताई."

मी बसले. या अनुभवाचे वर्णन करण्यास माझी भाषा पुरेशी नाही, आणि मी ते करणार नाही. माझ्यामागून पाचव्या-सहाव्या क्षणाला सगळे गाव खाली टेकले. वयस्क माणसांना खाली बसताना हाताला काय धरावे ते कळेना. त्यांना घरात बसण्याची सवय होती, सभेत बसण्याची नव्हती. बबनराव सर्वांत शेवटी बसले, पाराच्या कडेला, घड्याळ कानाशी लावून.

खाली बसलेल्या गावाला बोलण्यासारखे किती असते, हे खडकदऱ्याला त्या दिवशी कळले. नळाचा विषय येण्याआधी स्मशानाच्या रस्त्याचा आला, शाळेच्या पत्र्याचा आला, कोणाच्या तरी आजोबांनी तोडलेल्या बाभळीचा आला. ग्रामसेवकांनी दोनदा घड्याळ पाहिले आणि दोनदा वही चाळली. उभ्या सभेचे इतिवृत्त अर्ध्या पानात मावत असे.

"हे बगा," बबनराव मला हळूच म्हणाले, "ह्यालाच म्या भीत हुतो."

नळाचा ठराव दुपार कलल्यावर आला. बबनरावांनी मळ्याची बाजू मांडली, आणि चांगली मांडली. मग शकुंतलाबाईंनी वरच्या वस्तीची मांडली, गुडघ्यांचा उल्लेख न करता. हात वर झाले. ग्रामसेवक मोजत मोजत गयाबाईंपाशी आले. त्यांनी पदराखालून हात काढला आणि पूर्ण ताठ वर धरला.

"मोजला का?"

"मोजला, आजी."

"परत एकदा मोज."

ग्रामसेवकांनी परत एकदा मोजला. शाखा वरच्या वस्तीला गेली. गयाबाईंनी हात खाली घेतला नाही. पुढचा विषय कुत्र्यांचा होता, त्यातही तो वरच होता.

मला चारची जीप गाठायची होती. सभा चालूच होती. निघण्यापूर्वी शेवटचे वाचन घ्यावे म्हणून मी एकटी बारवेत उतरले. पारावरचे आवाज तिथपर्यंत येत होते. बाभळीचा विषय परत निघाला होता. पाणी आता अगदी शांत होते. चाळीसेक माणसे बाहेर पडताना धोतरांतून, लुगड्यांतून, एका पांढऱ्या सदऱ्यातून थोडेथोडे पाणी घेऊन गेली होती, आणि ते पाणी आता पारावर बसले होते. मी पाणसळ लावली, टेप सोडला, तीनदा पाहिले आणि आकडा टिपला.

रेषेच्या खाली, साडेसहा सेंटिमीटर.